गादीच्या भांडणापासून सुरुवात: मध्ययुगीन धाटणीचं काल्पनिक जग कसं उभारायचं

काल्पनिक राज्याची कथा लिहायला बसणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी नकाशा काढतो. मीही काढला होता. वहीच्या जोडपानावर डोंगररांगा, सात नद्या, किनाऱ्यावरची बंदरं आणि प्रत्येकाला छानसं नाव. त्यात दोन महिने गेले, आणि त्या सगळ्या मुलखात एकही माणूस राहत नव्हता. कुणाला काय हवंय, कोण कुणाच्या वाईटावर आहे, हे मला सांगता येत नव्हतं. मग नकाशा मिटून ठेवला आणि कोऱ्या पानावर एकच प्रश्न लिहिला: राजा वारला, आता गादीवर कोण? त्या प्रश्नामागून घराणी आली, शपथा आल्या, रुसवे आले, आणि किल्ले कुठे हवेत हेही आपोआप कळू लागलं.

म्हणून या लेखातला क्रम तोच आहे. समजायला सोपं जावं म्हणून एक लहानसं राज्य आपण सोबतच रचत जाऊ. नदीचं नाव सावळी. तिच्या काठी तारक नावाचा एक माणूस नाव चालवतो आणि पैलतीरी जाणाऱ्यांकडून भाडं घेतो. पुढे भाड्याची जकात होते, जकातीच्या नाक्याभोवती तटबंदी उभी राहते, आणि एक दिवस तारकच्या डोक्यावर मुकुट येतो. सुरुवातीला एवढं भांडवल पुरे.

पहिली पायरी: वारसाचा नियम आणि त्यातली फट

राजाचा मुलगा राजा होतो, हे आपण इतक्या सहज लिहून जातो की त्यात किती वाटा आहेत हे ध्यानातच येत नाही. पश्चिम युरोपचा सम्राट शार्लमेन, त्याच्या तीन नातवांनी ८४३ मध्ये व्हर्दनच्या तहाने साम्राज्याची सरळ वाटणी केली, घरातली शेतं वाटावीत तशी. आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या गेलिक कुळांत प्रमुख जिवंत असतानाच त्याच्या भाऊबंदांमधून पुढचा वारस निवडून ठेवायची रीत होती. पवित्र रोमन साम्राज्यात, म्हणजे मुख्यतः जर्मन मुलखात, १३५६ च्या फर्मानाने राजा निवडायचा अधिकार सात जणांच्या हाती पक्का केला. तुर्कांच्या ऑटोमन गादीवर १५९५ मध्ये तिसरा मेहमेद बसला तेव्हा त्याने आपल्या १९ भावांना ठार करवलं. १६०३ मध्ये आलेल्या पहिल्या अहमदने मात्र धाकट्या भावाला जिवंत ठेवलं, आणि तिथून पुढे गादी हळूहळू घराण्यातल्या वयाने ज्येष्ठ पुरुषाकडे जाऊ लागली. शहजादे मरायचे थांबले, पण महालात कोंडले गेले.

यातला कुठलाही नियम घ्या, पण घेतलात की त्याची फळंही घ्या. वाटणीचा नियम असेल तर दर पिढीला राज्य लहान होत जाणार आणि शेजारचा शत्रू म्हणजे सख्खा चुलतभाऊ असणार. निवडणूक असेल तर मतांची किंमत असणार, आणि ती आश्वासनांत, जहागिरींत, लग्नांत चुकती होणार. भाऊ मारायची रीत असेल तर खरं राजकारण राण्यांच्या महालात चालेल, कारण प्रत्येक आईला आपल्या मुलाचा जीव वाचवायचा असतो.

नियम ठरला की त्यातली फट शोधा. नवोदितांनी इथे घाई करू नये, असं मी कळकळीने सांगेन. कारण राज्यं नियम मोडल्यामुळे जितकी पेटतात, त्याहून जास्त नियम ज्या ठिकाणी गप्प बसतो तिथे पेटतात. फ्रान्सचा चौथा चार्ल्स १३२८ मध्ये मुलगा नसताना वारला. बहिणीचा मुलगा इंग्लंडचा राजा होता, चुलतभाऊ फ्रान्सचा सरदार होता. आईकडून आलेला हक्क चालतो की नाही, यावर आधी कुणी पक्कं बोललंच नव्हतं. चुलतभाऊ गादीवर आला, आणि १३३७ मध्ये सुरू झालेलं युद्ध १४५३ पर्यंत रेंगाळलं.

मला सगळ्यात शिकवून जाते ती इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीची गोष्ट. २ ऑगस्ट ११०० रोजी त्याचा भाऊ, राजा दुसरा विल्यम, शिकारीत बाण लागून मेला. थोरला भाऊ रॉबर्ट धर्मयुद्धाहून परतीच्या वाटेवर होता. हेन्रीने विंचेस्टरला जाऊन आधी खजिना ताब्यात घेतला आणि ५ ऑगस्टला स्वतःला मुकुट चढवून घेतला. त्याच्या बाजूने असाही दावा केला गेला की रॉबर्ट जन्मला तेव्हा बाप नुसता ड्यूक होता, हेन्री मात्र राजाच्या पोटी जन्मला. रॉबर्ट ११०६ मध्ये लढाईत पकडला गेला आणि ११३४ मध्ये कैदेतच वारला.

हीच फट आपण तारकच्या घरात आणू. थोरला मुलगा मल्ल जन्मला तेव्हा तारक नावाडी होता. धाकटा उदय जन्मला तो वाड्यात, राज्याभिषेकानंतर दुसऱ्या वर्षी. नियम म्हणतो, ‘राजाचा ज्येष्ठ पुत्र.’ आता ज्येष्ठ पुत्र मल्ल, पण राजाचा पुत्र कोण? दोन शब्दांच्या मधल्या जागेत दोन पात्या जन्माला आल्या: थोरली पाती आणि धाकटी पाती.

दुसरी पायरी: वंशावळ, पण तीनच पिढ्यांची

हजार वर्षांची वंशावळ करू नका. त्यातल्या नऊशे वर्षांना कथेत तोंड उघडायला मिळत नाही. आजची पिढी, तिचे आईबाप आणि आजीआजोबा एवढे पुरतात. त्याआधीचे राजे नुसती नावं म्हणून असू देत.

कारकिर्दींचे आकडे ठरवताना इतिहासाकडे पाहा. इंग्लंडच्या गादीवर १०६६ पासून १४८५ पर्यंत १८ राजे बसले, म्हणजे सरासरी २३ वर्षं. पण सरासरीवर भागवलंत तर वंशावळ रेशनच्या रांगेसारखी दिसेल. त्याच १८ जणांत तिसऱ्या हेन्रीने ५६ वर्षं राज्य केलं आणि पाचव्या एडवर्डला तीन महिनेही मिळाले नाहीत. दीर्घायुषी राजा वारसांना म्हातारं करतो, तर अल्पायुषी राजा मागे अज्ञान मूल आणि कारभारी ठेवून जातो. दोन्हींतून कथा निघते, पण वेगवेगळ्या जातीची.

आणखी एक आकडा डोक्यात ठेवा. फ्रान्समध्ये ९८७ ते १३१६ अशी ३२९ वर्षं बारा राजांची माळ बापाकडून मुलाकडे अखंड चालली. मग दहाव्या लुईच्या मृत्यूनंतर जन्मलेलं मूल पाच दिवसांत गेलं, लुईचे दोन्ही भाऊ एकामागून एक गादीवर आले आणि मुलगा न ठेवता गेले. बारा वर्षांत सगळं संपलं. स्थैर्य फार काळ टिकलं की लोक दुसरी सोय करून ठेवायचं विसरतात. तुमच्या घराण्यालाही असा एक निश्चिंत काळ द्या.

वहीत प्रत्येक माणसासाठी पाच गोष्टी लिहा: जन्म, मृत्यू, मृत्यू कशाने, आई कुठल्या घराण्याची, आणि हा माणूस मेल्याने कुणाचं भलं झालं. पाचवा रकाना कधी रिकामा सोडू नका. लहानपणी गेलेली मुलंही नोंदवा, कारण पुढे कुणीतरी ‘मीच तो, मेलो नव्हतो’ म्हणत उभं राहू शकतं. आणि मुलींच्या नावापुढे नुसतं ‘विवाह’ लिहून पुढे जाऊ नका. पहिल्या हेन्रीचा एकुलता औरस मुलगा ११२० मध्ये जहाज बुडून गेला, तेव्हा सरदारांनी मुलगी माटिल्डाला वारस मानण्याची शपथ घेतली. ११३५ मध्ये राजा वारला आणि त्यातल्या पुष्कळांनी तिच्या आतेभावाला, स्टीफनला, मुकुट घालू दिला. पुढची यादवी ११५३ मध्ये तहाने मिटली. तोडगा काय निघाला, तर स्टीफननंतर माटिल्डाच्या मुलाने राज्य करायचं.

आपल्या राज्यात आज धाकटी पाती गादीवर आहे. उदयचा मुलगा चंद्र म्हातारा झालाय आणि त्याला एकच मुलगी, रेवा. थोरल्या पातीत मल्लचा नातू सारंग आहे, वय एकोणीस, आणि तो दरबारात ओलीस म्हणून वाढलाय. रेवा आणि सारंग एकाच अंगणात खेळले आहेत. हे मी मुद्दाम ठेवलंय. हक्काचे दोन दावेदार एकमेकांना ओळखत नसतील तर नुसतं युद्ध होतं. ओळखत असतील तर प्रत्येक निर्णय बोचतो.

तिसरी पायरी: आता नकाशा काढा

नदी कुठे ओलांडता येते, मीठ कुठून येतं, धान्य कुठे साठतं, घाट किती महिने बंद असतो. आधी या चार जागा, मग बाकीची शोभा.

अंतरं किलोमीटरमध्ये नव्हे, दिवसांमध्ये मोजा. बैलगाड्या सोबत असलेलं सैन्य दिवसाला १५ ते २० किलोमीटर गेलं तरी खूप. म्हणजे ३०० किलोमीटरवरच्या बंडाची बातमी स्वाराने चार दिवसांत आणली, तरी फौज पोचायला तीन आठवडे लागणार, आणि तोवर तिथलं चित्र पालटलेलं असणार. या उशिराचा लोभ धरा. खोटी बातमी, उशिरा पोचलेली माफी, राजा मेल्याचं दडवून ठेवलेलं आठवडाभराचं गुपित, हे सगळं त्यातच मावतं.

पोटाचा हिशेबही चुकवू नका. मध्ययुगीन युरोपात एक पोतं गहू पेरला की चार पोती हाती येत, त्यातलं एक पुन्हा बियाण्याला. दहातली आठ-नऊ माणसं शेतावर राबत तेव्हा कुठे एक सरदार घोड्यावर बसे. त्यामुळे ओसाड वाळवंटाच्या मधोमध लाखभर फौज बाळगणारा राजा वाचकाला कुठेतरी खटकतो, कारण सांगता आलं नाही तरी. पैसा राजालाही अपुरा पडतो. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने वेल्समध्ये १२९५ साली बोमॅरिसचा किल्ला बांधायला घेतला. पैसा स्कॉटलंडच्या लढाईकडे वळला आणि तो किल्ला आजतागायत अर्धवट आहे. तुमच्या नकाशावरही एक अर्धवट किल्ला असू द्या. तो का राहिला, याचं उत्तर शोधताना एका कारकिर्दीचा इतिहास हाती लागेल.

चौथी पायरी: दंतकथा, म्हणजे कुणीतरी सांगितलेली गोष्ट

नवोदितांच्या वह्यांमध्ये ‘इतिहास’ नावाचं एक लांबलचक टिपण असतं: आधी देव होते, मग पहिलं युग, मग महायुद्ध. ते लेखकाच्या आवाजात असतं आणि त्यातलं सगळं खरं असतं. जगात असं नसतं. गोष्ट कुणीतरी, कुणालातरी, काहीतरी पदरात पाडून घेण्यासाठी सांगतं.

घराणं जितकं नवं, तितकी त्याची मुळं जुनी दाखवली जातात. चालुक्यांचा मूळ पुरुष ब्रह्मदेवाच्या ओंजळीतल्या पाण्यातून, म्हणजे चुलुकातून, जन्मला अशी कथा होती. घराण्याच्या नावाचाच त्यात अर्थ लावून टाकला होता. युरोपात सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेची सत्ता पोपला दिली असं सांगणारं एक दानपत्र शतकानुशतकं पुरावा म्हणून दाखवलं जाई. लोरेन्झो व्हाल्ला या इटालियन विद्वानाने १४४० मध्ये ते बनावट असल्याचं दाखवून दिलं, तेही तलवार न उचलता, नुसती भाषा तपासून. चौथ्या शतकातल्या रोमन सम्राटाच्या पत्रात ‘क्षत्रप’, म्हणजे इराणी सुभेदार, कुठून आले, असे त्याचे प्रश्न होते. शब्दावरून खोटं उघडं पडणं, हा प्रसंग काल्पनिक राज्यात किती सुंदर वापरता येईल!

तेव्हा प्रत्येक मोठ्या घटनेच्या किमान दोन हकिकती लिहा, जमल्यास तीन, आणि प्रत्येकीखाली सांगणाऱ्याचं हित लिहा. आपल्या राज्यातली मूळ घटना अशी: एका वादळी रात्री तारकने नाव पैलतीरी नेली, आणि त्यानंतर त्याचं नशीब फळफळलं. दरबारी भाट सांगतात की सावळीमाय पाण्यातून वर आली आणि तिने तारकच्या हाती सोन्याचं वल्हं दिलं. थोरल्या पातीत आया मुलांना सांगतात की त्या रात्री तारकला बाण लागला होता आणि नाव काठाला लावली ती नऊ वर्षांच्या मल्लने. सावळीच्या उगमाकडची माणसं मान खाली घालून तिसरंच सांगतात: नावेत जुन्या राज्याचा पळून आलेला वारस बसला होता, बसताना लोकांनी पाहिला, उतरताना कुणी पाहिला नाही.

कथेला हाताला लागेल अशी वस्तू द्या. नुसती हकिकत हवेत विरते. वस्तू मात्र दरबारात टांगलेली असते, तिला धूळ बसते, तिची पूजा होते. आपल्याकडे ते वल्हं आहे. सिंहासनामागे टांगलेलं, सोन्याच्या पत्र्याने मढवलेलं. मुठीपाशी पत्रा घासून गेलाय आणि आतलं काळपट शिसव दिसतंय, म्हणून समारंभाच्या दिवशी पुजारी तिथे तांबडं वस्त्र गुंडाळतो. या एका वस्त्रात दरबाराची अख्खी भीती आहे.

तिन्हींतली खरी हकिकत कुठली, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं. वाचकाला ते कधी कळू द्यायचं, किंवा द्यायचंच नाही, हे तुमच्या हाती.

पाचवी पायरी: नावं आणि पदव्या

मराठीत लिहिणाऱ्याच्या हाती इथे मोठं धन आहे. गड, दुर्ग, कोट, किल्ला: एकाच गोष्टीला चार शब्द, आणि प्रत्येकाला वेगळा वास. दुर्ग संस्कृतातून, किल्ला अरबीतून फारसीच्या वाटेने. जुन्या घराण्याची ठिकाणं ‘दुर्ग’ आणि नव्या जेत्यांची ‘किल्ला’ एवढं एक पथ्य पाळलंत तरी नकाशा स्वतः इतिहास सांगू लागतो. इंग्लंडात १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर दरबार फ्रेंच बोलू लागला. म्हणून गुराख्याच्या तोंडी गाय इंग्रजीच (‘काऊ’) राहिली आणि तिचं मांस ताटात येताना फ्रेंच (‘बीफ’) झालं.

पदव्या बदलणं हे राजकारणच असतं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले: पेशवा झाला मुख्यप्रधान, सरनोबत झाला सेनापती, मुजुमदार झाला अमात्य. तुमच्या नव्या राजालाही पहिल्या दिवशी असं काहीतरी करू द्या, आणि एखादा म्हातारा कारकून जुनाच शब्द बोलून जातो तेव्हा दरबार कसा शांत होतो तेही दाखवा.

आपल्या राज्यात ताम्रपटावर ‘तारकवंश’ कोरलेलं असतं. उगमाकडचे लोक त्यांना ‘नावाडे’ म्हणतात. विचित्र अक्षरं जोडून उच्चारता न येणारी नावं करू नका. वाचक ती वाचत नाही, ओलांडतो.

सहावी पायरी: वर्षं कुठून मोजायची

थोडक्यात सांगतो. कालगणना सुरू करणं हा सार्वभौमत्वाचा डंका असतो. कल्याणीच्या चालुक्य राजाने, सहाव्या विक्रमादित्याने, १०७६ मध्ये आपला शक सुरू केला, शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक शक. आपला दरबार तारकच्या राज्याभिषेकापासून वर्षं मोजतो, थोरली पाती वादळी रात्रीपासून. मध्ये अकरा वर्षांचा फरक. एकाच दस्तावर दोन्हीकडचे लोक बोट ठेवून वेगळी तारीख वाचतात, आणि पत्र कुणी लिहिलं हे तारखेवरूनच कळतं.

सातवी पायरी: जादू, शेवटी आणि मोजून

जादूला या यादीत इतकं मागे ठेवल्याचं अनेकांना आवडणार नाही. पण आधी उभारलेलं सगळं ती एका रात्रीत मोडू शकते. रक्ताची पारख करणारा मंत्र असेल तर तोतया उरत नाही, म्हणजे दुसऱ्या पायरीतला ‘मीच तो’ म्हणणारा वाया. क्षणात निरोप पोचत असेल तर तिसरीतला उशीर संपला. उडणारे प्राणी असतील तर उंच तटाला अर्थ नाही, मग किल्ल्यांना छतं हवीत, आणि ती बांधायला लाकूड कुठून येतं ते सांगा.

प्रत्येक शक्तीला तीन प्रश्न विचारा. ती कुणाला येते, तिची किंमत कोण मोजतं, आणि ती असताना हे राज्य अजून असंच का चाललंय? आपल्या राज्यात एकच श्रद्धा ठेवू: तारकच्या रक्ताला सावळी बुडवत नाही. म्हणून प्रत्येक नव्या राजाने पुराच्या दिवसांत एकट्याने नाव वल्हवत पैलतीर गाठायचं. हे नदीचं वरदान आहे की राजपुत्रांना लहानपणापासून वल्हवायला शिकवतात त्याचा गुण, हे मी ठरवलंय आणि सांगणार नाही.

आठवी पायरी: एक पंगत मांडा

इथवर आलात की टिपणं थांबवा. एक वही वंशावळीची, एक पान वर्षवार घटनांचं, एक पान ‘कोण काय खरं मानतं’ याचं. एवढं जवळ असलं की पुरे. विसंगती सापडली तर लगेच खोडू नका, आधी बघा ती कुणाच्या तोंडी घालता येते का.

मग राज्यातली एक मेजवानी लिहा. कोण राजाच्या उजवीकडे, कोणाला दाराजवळ बसवलंय, कोणाचं ताट वाढलंय पण माणूस आलेला नाही. बसण्याच्या जागांमध्ये अख्खं राज्य दिसतं, आणि कुठला धागा कच्चा राहिलाय तेही तिथेच कळतं.

आपल्या मेजवानीत चंद्र खोकतोय. सारंगला मानाची जागा दिलीय, पण तिथून दार दिसत नाही. उगमाकडचे प्रमुख उशिरा आले आणि त्यांनी वल्ह्याला नमस्कार केला नाही. रेवा बापाच्या मागे उभी आहे. तांबडं वस्त्र जरा सरकलंय, ते नीट करायला ती हात पुढे करते आणि झिजलेल्या मुठीवर तिची बोटं पडतात. झीज अरुंद आहे. मोठ्या माणसाचा पंजा तिथे मावणार नाही. ती सारंगकडे बघते, मग वस्त्र पुन्हा घट्ट गुंडाळते.

पुढचं पान तुमच्या राज्याचं. त्यातली वस्तू आज रात्रीच ठरवा.